हरकत

"मला कधी विचारलंस?" नंदा म्हणाली, आणि द्वारकाबाईंच्या हातातली पिठाची चाळणी हिसका बसल्यासारखी थांबली. थोडं पीठ परातीबाहेर सांडलं. चुलीपाशी बसलेल्या सुनेनं, तुळजाबाईनं, मान वर केली नाही, पण तिचा भाकरी थापायचा आवाज बंद पडला. या घरात कोणता आवाज कशासाठी बंद पडतो हे द्वारकाबाईंना पाठ होतं. नात समोर उभी होती, अर्धी वेणी घातलेली, अर्धी सुटी, दातांत रिबिनीचं टोक. आत्ताच तिला सांगून झालं होतं की मंठ्याच्या काकासाहेबांचा मुलगा आहे, घरची काळी जमीन आहे, पेठेत कापडाचं दुकान आहे, शुक्रवारी सुपारी फोडायला माणसं येणार आहेत, तर त्या दिवशी शाळा नाही आणि बोटांना लागलेलं ते काळं लिंबानं घासून काढायचं. एवढं ऐकल्यावर पोरी लाजतात, आत पळतात, निदान रडतात तरी. हिनं रिबिनीचं टोक तोंडातून काढलं आणि वकिलासारखा सवाल केला.

"कधी म्हंजे? सोमवारी. ओसरीवर. सगळ्यांदेखत. तू म्हणालीस, बिलकुल हरकत न्हाई."

"मी?"

"न्हाई, मी म्हणाले. माझंच लगीन हाये ना."

नंदा हसली नाही. काहीतरी आठवून तिचा चेहरा आधी लाल झाला, मग एकदम पांढरा पडला. "आजी, ते मोटरीचं म्हणत होते गं मी."

"कोणत्या मोटरीचं? कोण गेल्तं मोटरीनं?"

"मास्तरांची मोटर. ती फिरत नव्हती. हरकत नव्हती तिच्यात." एवढं बोलून पोर मागच्या दारानं निघून गेली, सुट्या केसांनी. द्वारकाबाई सांडलेल्या पिठाकडं बघत राहिल्या. मोटरीची हरकत. उद्या चुलीची हरकत निघेल, खाटेची निघेल, दारातली म्हैस हरकत घेऊन कचेरीत जाईल. त्यांनी चाळणी पुन्हा हलवायला घेतली, पण हात तालावर येईना. हे पीठ त्या स्वतः चाळत होत्या तेसुद्धा त्या मास्तरांच्याच कृपेनं. मागं एकदा पोरांनी कागदावर लोखंडाचा कीस पसरून खालून लोहचुंबक फिरवला होता, कीस केसासारखा उभा राहिला, पोरं ओरडली, आणि त्यातला निम्मा वाऱ्यानं उडून त्यांच्या ज्वारीच्या पिठात आला. तेव्हापासून सुनेच्या चाळण्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. तसा तो आधीही नव्हता.

बद्रीनाथ मास्तरांना पुढची खोली भाड्यानं दिली ती त्यांनीच. बदनापूरकडची शेती मुलगा पुंजाराम बघत होता, आणि द्वारकाबाई सुनेला नि नातीला घेऊन शिक्षणासाठी जालन्याला आल्या होत्या. घर नवं होतं, मोठं होतं, दारात पुरुष माणूस असावा. मास्तर हैदराबादेत शिकून आलेले, एकटे, अंगानं काटकुळे, बोलणं मऊ. सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. निजाम गेला, पुस्तकं मराठी झाली, पण मास्तरांच्या डोक्यातली पुस्तकं काही कुणी बदलून दिली नव्हती. ते पोरांना म्हणत, "मकनातीस घ्या," आणि मग कपाळावर बोट आपटत, "हे आपलं, चुंबक." शाळेत विज्ञानाचं कपाट होतं, त्याला कुलूप होतं, आणि किल्ली हेडमास्तरांकडं होती. म्हणून नववीची चारदोन हुशार पोरं संध्याकाळी द्वारकाबाईंच्या ओसरीवर येत. त्यांत पोरगी एकटी नंदाच. ते त्यांनी चालवून घेतलं, कारण ओसरी आपली, डोळा आपला. शेजारची एक बाई नाक मुरडून म्हणालीही होती, "पोरांत पोरगी बसवता?" तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तुमच्या पोरी तर घरातच बसतात ना, मग त्यांच्या चिठ्ठ्या बाहेर कशा जातात?" ती बाई त्यानंतर आली नाही. त्याचं द्वारकाबाईंना समाधान होतं. आत्ता मात्र तीच बाई भिंतीपलीकडं कान लावून हसत असेल असं वाटलं आणि चाळणीखाली त्यांचा हात उगाच जोरात आपटला.

सोमवार त्यांना आठवत होता, चांगला आठवत होता, आणि तेच जास्त चीड आणत होतं. मंठ्याहून मध्यस्थ म्हणून कडूबा आला होता, नात्यातलाच, लांबचा. गुळाचा चहा पिऊन वर म्हणाला होता, "आक्का, तिकडून पक्कं हाये. तुमचा होकार घेऊन मला सांजच्या मोटरीनं परतायचंय." तेव्हा द्वारकाबाई त्याला ताठपणे म्हणाल्या होत्या, "आमच्या घरात पोरीला विचारतात, कडूबा. तुमच्यासारखं न्हाई." हे वाक्य त्यांना फार आवडायचं. थोरल्या लेकीच्या वेळीही त्यांनी ते सगळ्या भावकीला ऐकवलं होतं. लेकीला पाटावर बसवलं होतं, देवापुढं दिवा लावला होता, आणि विचारलं होतं. त्यांचं स्वतःचं लग्न लागलं तेव्हा त्या मामाच्या खांद्यावर झोपलेल्या होत्या. अक्षता डोळ्यात गेली म्हणून जाग आली. समोर एक धोतर होतं, त्यावर हळदीचा डाग होता, आणि त्यांना वाटलं होतं, हे धोतर कोणाचं असेल. तो डाग पुढं कितीतरी वर्षं त्यांनीच धुतला, वेगवेगळ्या धोतरांवरचा. तर सोमवारी कडूबाला बसवून त्या ओसरीच्या दाराशी आल्या. हाताला गूळ लागलेला. पाट नव्हता, दिवा नव्हता. पोरं खाली बसून त्यांच्याच जुन्या पोळपाटावर कसलंसं खेळणं मांडून त्यावर वाकली होती, पाच डोकी एकाच ठिकाणी, परातीवर कोंबड्या वाकाव्या तशी. खोलीच्या आतून मास्तर मधूनमधून ओरडत होते, "हरकत आहे का?" आणि पोरं "न्हाई" म्हणत होती. हे त्यांच्या कानावर पडलं होतं. पडलं होतं, पण मास्तर काय, दिवसभर काहीबाही ओरडतच असतात. त्या दारातून म्हणाल्या, "नंदे, मंठ्याहून माणूस आलाय, काकासाहेबांच्या घरचं हाये, तुझ्यासाठी. काय सांगू? हरकत हाये का?" आणि नंदा मान वर न करता, वैतागून, मोठ्यानं म्हणाली, "न्हाई. बिलकुल हरकत न्हाई."

बिलकुल. तो शब्द त्यांना त्या वेळी किती गोड लागला होता. कडूबाजवळ येईपर्यंत त्यांनी तो दोनदा मनात म्हटला होता. त्याला सांगताना आवाज चढवून सांगितला होता. मंगळवारी देवळात तीन बायांना सांगितला होता. "आमची नंदा बिलकुल म्हणाली." आणि आता चाळणी हलवताना तो आवाज पुन्हा ऐकू आला तेव्हा त्यात पोरीची मान खाली होती, बोटं तारेवर होती आणि आवाजात लाज कुठंच नव्हती. लग्नाला पोरी वैतागून हो म्हणतात काय? हे त्या वेळी कळलं नव्हतं असं नाही. कळायच्या आधीच त्या वळल्या होत्या. एवढंच.

"भाकरी करपली," त्या सुनेला म्हणाल्या. "नाक हाये ना?"

"हाये," तुळजाबाई म्हणाली. मग चुलीकडं बघूनच, "तिला मॅट्रिक व्हायचंय, आत्याबाई."

"हे तू मला सोमवारी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही तिला विचारलं होतं."

द्वारकाबाई उठल्या. तशाच पिठाच्या हातानं मास्तरांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. मास्तर दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला साबण, आरशात डोळे मोठे झालेले.

"मास्तर, तुमच्या किताबात हरकत म्हंजे काय?"

"जी? हरकत? हरकत म्हंजे... हालचाल. आपण ते, गती म्हणतो ना. आमच्या किताबात असं होतं की तारेतून बर्क, म्हंजे वीज, सोडली आणि जवळ मकनातीस असला की हरकत पैदा होते." त्यांनी साबणाचा हात हवेत गोल फिरवला. "पोरांच्या तोंडी तोच शब्द बसलाय. चूक माझीच. मी गती म्हणायला पाहिजे."

"हालण्याला हरकत म्हणता?"

"जी."

"आन् आम्ही ज्याला हरकत म्हणतो ते?"

"ते... उलटंच झालं म्हणा. ते थांबवणं."

"मंग तुमच्या त्या निजामाच्या शाळेत लोकं एकमेकांशी बोलायची तरी कशी?" द्वारकाबाई म्हणाल्या. मास्तरांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांच्या गालावरचा साबण वाळून पांढरा झाला. "या अल्ला," ते पुटपुटले, मग "अरे देवा" म्हणाले, आणि वस्तरा खाली ठेवला. द्वारकाबाईंना वाटलं, एवढं तरी बरं, की आपल्यापेक्षा जास्त घाबरलेलं कुणीतरी आहे.

"दाखवा मला," त्या म्हणाल्या. "कोणत्या मेल्या वस्तूनं माझा शब्द खाल्ला ते बघू दे."

नंदाला मास्तरांनीच विहिरीवरून बोलावून आणलं. ती आली, डोळे सुजलेले. पोळपाट ओसरीवर मांडला गेला. त्यावर भोंग्यातून काढलेला काळा चुंबक, दोन बाजूंना उभ्या टोचलेल्या दोन पिना, पिनांच्या नाकांत तांब्याच्या तारेचं एक वेटोळं आडवं ठेवलेलं, बांगडीएवढं. बॅटरीचे दोन सेल सुतळीनं बांधलेले. एवढंच. द्वारकाबाईंना राग आला तो याचाच. जिनिंगचा कारखाना त्यांनी नवी नवरी असताना बैलगाडीतून पाहिला होता, त्याचा पट्टा भिंतीतून आत जात होता, काळा, जाड, थरथरत, आणि त्या रात्री त्या पट्ट्यानं आपल्याला आत ओढून नेल्याचं स्वप्न पडून त्या ओरडत उठल्या होत्या. ते यंत्र. त्याच्यापायी शब्द गेला असता तर सांगायला तोंड होतं. आणि हे तर चिमणीच्या घरट्यातून पडल्यासारखं.

"सोमवारी कामून नव्हती फिरत?" त्यांनी नातीला विचारलं. मास्तर बोलायला लागले तर हातानं थांबवलं.

"तारेवर रोगण असतं," नंदा म्हणाली. आवाज अजून भिजलेला होता, पण हात कोरडे होते. "ते असलं की आतून विजेचा प्रवाह पिनेपर्यंत येत न्हाई. म्हणून टोकं खरवडायची. मी चांगली गोल खरवडली, चारी बाजूंनी. साफ."

"मंग?"

"तेच चुकलं. तारेतून प्रवाह गेला की चुंबक वेटोळ्याची एक बाजू वर ढकलतो, एक खाली. ते अर्धं फिरतं. पण अर्धं फिरल्यावर बाजू उलट्या झाल्या ना, मग तोच धक्का त्याला माघारी आणतो. पुढं जातं, मागं येतं, पुढं, मागं, आणि थांबतं." तिनं दुसरं वेटोळं घेतलं. "काल मास्तर म्हणाले, विचार कर. मी हे अर्धंच खरवडलं. एका अंगाला रोगण तसंच ठेवलं. आता अर्धा फेर प्रवाह मिळतो, धक्का बसतो. उरलेला अर्धा फेर प्रवाह बंद. तेव्हा कुणी ढकलत न्हाई, कुणी अडवत न्हाई, ते आपल्या वेगानं जातं."

तिनं वेटोळं पिनांत ठेवलं, बोटानं जरासं टिचकावलं. ते फिरायला लागलं. बारीक आवाज, माशीच्या पंखासारखा, आणि तांब्याची कड दिसेनाशी होऊन नुसता तांबूस गोळा हवेत उरला. मास्तरांच्या अर्ध्या दाढीच्या तोंडावर हसू आलं ते त्यांना आवरता येईना. नंदा मात्र आजीकडं बघत होती. द्वारकाबाई मोटरीकडं बघत होत्या. चांगलं दिसत होतं, ते नाही म्हणायचं कारण नव्हतं. त्यांना वाटत होतं ते आता थांबेल, लहान मुलाचा भोवरा थांबतो तसं, डगमगेल, पडेल. ते थांबेना. किती वेळ बघायचं? आपण बघतोय तोवर हे फिरणार आणि आपण गेल्यावरही फिरणार, याची त्यांना जास्तच चीड आली. त्यांनी आयुष्यात जे जे फिरवलं, घर, शेत, भावकी, त्याला त्यांनी कधी अर्धा फेरही सोडलं नव्हतं. सोडलं की पडतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं. पाहिलेलं होतं की नुसतं मनात धरलेलं होतं?

"बंद कर ते," त्या म्हणाल्या. नंदानं सेल सोडवला. "लगीन करायचं न्हाई तुला?"

"कधीच न्हाई असं न्हाई. मॅट्रिक होऊ दे. मंग विचार."

"मंग विचारू. म्हंजे तुझ्या सवडीनं."

"आजी, तू विचारलंस म्हणून सांगते," नंदा म्हणाली, "तू शब्द दिला असशील तर मी बसंन शुक्रवारी. पण मी हो म्हणाले असं सांगू नको कुणाला."

हे द्वारकाबाईंना सगळ्यात लागलं. रडली असती, पाय धरले असते, तर सोपं होतं. हिनं त्यांचा शब्द राखायची तयारी दाखवली आणि त्यांच्या तोंडातलं आवडतं वाक्य मात्र काढून घेतलं.

गुरुवारी सकाळच्या मोटरीनं त्या मंठ्याला निघाल्या, सोबत तुळजाबाई. रस्ताभर धूळ. खिडकीची काच नव्हती, तिथं पत्रा होता, तो खडखडत होता, आणि त्या खडखडीत त्यांनी कारणं जुळवून पाहिली. पत्रिका जुळत नाही म्हणावं, तर पत्रिका काकासाहेबांच्याच गुरुजींनी बघितलेली. पोरीच्या मामाकडं सुतक आहे म्हणावं, तर सुतक संपतं. कुलदैवताचा कौल आला नाही म्हणावं, हे चांगलं होतं, देवाला कुणी उलटून विचारायला जात नाही. पण मग सगळ्यांना वाटेल, पोरीवर देवच नाराज आहे. प्रत्येक कारण पोरीच्या पदरात जाऊन पडत होतं. "मेलं लोकांचं डोकं," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालात?" तुळजाबाई.

"काही न्हाई. पदर सावर. धूळ खाऊन राह्यलीस."

बांधाच्या भांडणात, रझाकारांच्या वर्षात, जमीन कसायला दिली तेव्हा, दर वेळी लोक म्हणाले होते, द्वारकाबाई बोलल्या ना, मग झालं. कागद मागितला नव्हता कुणी. सही त्यांना करता यायची, वाकडी, पण कधी लागलीच नव्हती. एवढीच त्यांची कमाई होती, आणि ती घेऊन त्या मंठ्याच्या मोटरस्टँडवर उतरल्या.

काकासाहेब उठून सामोरे आले. "आक्का! तुम्ही कामून तसदी घेतली? आम्ही उद्या येतच होतो." बैठकीवर स्वच्छ चादर होती. बाजूला उद्याची तयारी, नारळ, नवं कापड. काकासाहेबांच्या पत्नी आतून येऊन दाराशी उभ्या राहिल्या. मुलगा दुकानात होता, हे बरं झालं. द्वारकाबाई बसल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "उद्या येऊ नका. सुपारी फोडायची न्हाई."

काकासाहेबांचं हसू हळूहळू गेलं. "काय झालं?"

"पोरीला शिकायचंय."

"एवढंच? अहो आक्का, मी घाबरलोच. पोरीची जात, चार दिवस रडंल. शिकंल की इथं, मी मास्तर लावतो घरी. तुम्ही शब्द दिलाय, बास. सगळ्या मंठ्याला ठाऊक हाये, तुम्ही शब्द फिरवणाऱ्या न्हाई."

वाट मोकळी होती. काकासाहेबांनी स्वतः उघडून दिली होती, आदरानं. नुसती मान हलवायची होती, पोर शुक्रवारी बसणार होती, ती तसं म्हणालीच होती. तुळजाबाईच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि गप्प झाल्या.

"फिरवते हाये," द्वारकाबाई म्हणाल्या.

तेव्हा दाराशी उभ्या बाई हळूच म्हणाल्या, "खरं सांगा, पोरीत काही खोट तर न्हाई ना?"

द्वारकाबाईंच्या कानशिलात रक्त चढलं. एक सणसणीत उत्तर जिभेवर आलं, या घरच्या तीन पिढ्यांना पुरलं असतं असं. ते त्यांनी गिळलं. गिळायची सवय नव्हती, घशाला लागलं. "पोरीत खोट न्हाई," त्या म्हणाल्या. "खोट माझ्या कानात हाये. ती न्हाई म्हणाली ते दुसऱ्या कशाला. मला हो ऐकायचं होतं, मी हो ऐकलं. माझं चुकलं. आन् कुणी विचारलं तर हेच सांगा, माझं नाव घेऊन. पोरीचं घेऊ नका."

काकासाहेब पत्नीकडं न बघता म्हणाले, "चहा आणा." चहा आला. कुणी काही बोललं नाही. द्वारकाबाईंनी बशीत ओतून सगळा प्यायला, शेवटच्या घोटापर्यंत, कारण ठेवला असता तर तो आणखी एक मोडलेला शब्द झाला असता. निघताना काकासाहेब दारापर्यंत आले नाहीत. त्यांचं काही चुकलं असंही द्वारकाबाईंना म्हणता येईना, आणि राग काढायला कुणी न सापडल्यामुळं त्या वाटेत तुळजाबाईच्या चालण्यावर बोलत राहिल्या, मग मोटरीच्या पत्र्यावर, मग धुळीवर. तुळजाबाई "हो" म्हणत राहिली. जालना जवळ आलं तेव्हा तिनं आपल्या पदरानं त्यांच्या कपाळावरची धूळ पुसली. त्यांनी पुसू दिली, आणि मग म्हणाल्या, "पुरे."

घरी आल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. ओसरीवर पोरं नव्हती, मास्तर नव्हते. सगळे कुठंतरी शहाण्यासारखे गायब होते. नंदानं पायांवर पाणी दिलं, तांब्या दिला, आणि बाजूला उभी राहिली. विचारेना. द्वारकाबाई वाट बघत होत्या. दिवसभर लोकांनी नको ते विचारलं, आणि जिनं विचारायचं ती खांबासारखी उभी.

"तोंड शिवलंय का? मोडलं तुझं. जा, वाच."

नंदाच्या अंगातून काहीतरी सैल होऊन खाली गेलं, ते दिसलं. पण ती गेली नाही. तिथंच बसली, पायरीवर, आजीच्या पायाशी, आणि हळू आवाजात म्हणाली, "तुला काय म्हणाले ते?"

द्वारकाबाईंनी तोंड उघडलं. कुणाचाही प्रश्न संपायच्या आत त्यांचं उत्तर तयार असायचं. आता ते शोधावं लागत होतं, अंधारात काडेपेटी शोधावी तसं, आणि हात लागेना. काय म्हणाले? काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं होतं.

"काय म्हणतील," त्या शेवटी म्हणाल्या. "चहा दिला." मग तांब्या खाली ठेवत, "साखर लई टाकली मेल्यांनी."